एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये नियमांचा क्रम महत्त्वाचा

एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत) वापरून अनेक सर्व्हरवर रोज लॉगिन करावे लागत असेल, तर प्रत्येक वेळी युजरनेम, पोर्ट आणि की-फाइल (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) टाइप करण्यापेक्षा होम फोल्डरमधील एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हरसाठी 'होस्ट'चा स्वतंत्र विभाग लिहून त्याला छोटे टोपणनाव देणे सोयीचे ठरते.

मात्र ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि बहुतेक पर्यायांसाठी प्रथम सापडलेली किंमतच कायम राहते. त्यामुळे सर्वांना लागू होणारा तारांकनाचा विभाग (Host *) सुरुवातीला ठेवून त्यात 'युजर' दिल्यास, खाली एखाद्या सर्व्हरसाठी दिलेला वेगळा युजर विचारातच घेतला जात नाही. विशिष्ट नियम वर आणि सर्वसाधारण नियम अगदी शेवटी लिहावेत. (अनेकांना नेमके उलटे वाटते.)

एसएसएच एजंटमध्ये (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बऱ्याच की साठवलेल्या असतील, तर क्लायंट (आपल्या संगणकावरील एसएसएच प्रोग्राम) त्या एकामागून एक पुढे करतो आणि ओपनएसएसएच या प्रचलित सॉफ्टवेअरच्या सर्व्हरची मूळ मर्यादा ६ प्रयत्नांची असल्याने योग्य कीची पाळी येण्याआधीच कनेक्शन तुटू शकते. कोणती की वापरायची ते सांगणाऱ्या 'आयडेंटिटीफाइल'सोबत 'आयडेंटिटीजओन्ली' हा पर्याय 'येस' ठेवल्यास फक्त नेमून दिलेली की पुढे केली जाते आणि ही अडचण टळते.

मधल्या सर्व्हरमधून पुढे जायचे असल्यास 'प्रॉक्सीजंप' हा पर्याय पुरेसा आहे. कॉन्फिग फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी. शंका आल्यास एसएसएच कमांडला कॅपिटल जी (-G) हा पर्याय देऊन टोपणनाव लिहावे. प्रत्यक्ष कनेक्शन न करता त्या सर्व्हरला लागू होणारी सर्व सेटिंग्ज स्क्रीनवर दिसतात.