राजांच्या पुस्तकांतला 'पण' कसा शोधावा

बायबलमधली राजांची दोन पुस्तकं (१ राजे आणि २ राजे) वाचायला घेतली की बहुतेक जण पाचव्या-सहाव्या राजाला थकतात. नावं सारखी, वाक्यं सारखी: अमुक राजा झाला, परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते त्याने केलं, तो आपल्या पूर्वजांजवळ निजला. आमच्या शनिवारच्या वाचनगटात मी वर्षभर 'चांगले राजे, वाईट राजे' अशा दोन याद्या करून हे शिकवत होते. मग एकदा गटातल्या आजींनी मध्येच थांबवलं. "अगं, पण हे सगळे परमेश्वराचंच नाव घेतायत की. मग बिघडलं कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं, तेव्हा आजींचं म्हणणं पटलं. या लोकांनी देवाला सरळ नाकारलं असं फार क्वचित दिसतं. त्यांनी देव ठेवला आणि त्याच्या शेजारी आणखी काहीतरी आणून ठेवलं. ते 'आणखी काहीतरी' कसं हुडकायचं, ते सांगते.

सुरुवात राजांपासून करू नका. आधी बायबलमधल्याच 'शास्ते' या पुस्तकाचे १७ आणि १८ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाचा माणूस राहतो. त्याच्या आईचे चांदीचे ११०० शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजन) चोरीला जातात, ती चोराला शाप देते. चोर मीखाच. शाप ऐकून तो पैसे परत करतो आणि आई लगेच आशीर्वाद देते, तोही परमेश्वराच्या नावाने! ही चांदी मी परमेश्वराला वाहते, असं ती म्हणते. कशासाठी, तर मूर्ती करण्यासाठी. आता आकड्यांकडे बघा: सोनाराकडे जातात फक्त २०० शेकेल. उरलेल्या ९०० चं काय झालं, मजकूर सांगत नाही. पुढे मीखा एका फिरत्या लेवीला (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसाला) वर्षाला १० शेकेल, कपडे आणि जेवणखाण देऊन घरचा याजक, म्हणजे पुरोहित, म्हणून ठेवतो आणि समाधानाने म्हणतो की आता लेवी आपल्याकडे आहे, परमेश्वर आपलं भलं करणारच.

हा उतारा वाचताना वहीत तीन प्रश्न लिहा. इथे नाव कुणाचं घेतलं जातंय? सोय कुणाची होतेय? आणि कोणती वस्तू आपल्या जागेवरून हलली? पुढे प्रत्येक राजापाशी हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. मीखाच्या घरात नाव परमेश्वराचं आहे, सोय मीखाची आहे.

अध्याय १८ चा शेवट घाईने वाचू नका. दान या इस्राएली वंशाचे लोक मीखाची मूर्ती आणि याजक दोन्ही पळवून नेतात, तेव्हा कुठे ३० व्या वचनात त्या वंशाच्या याजकाचं नाव येतं: योनाथान, गेर्षोमचा मुलगा. त्यापुढचं नाव 'मोशे' आहे, पण हिब्रू प्रतींत त्या शब्दात 'नून' ('न') हे अक्षर ओळीच्या किंचित वर टांगलेलं असतं, ते यासाठी की नाव 'मनश्शे' असं वाचलं जावं. मोशेचा वंशज मूर्तीपुढे याजक म्हणून उभा राहिला, हे लिहिताना लेखनिकांचा हात अडखळला असावा. तुमच्या प्रतीत तळटीप असेल तर नक्की बघा. ते टांगलेलं अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटू शकले नव्हते.

मग १ राजे १२ वर या. शलमोनानंतर राज्य फुटलं, उत्तरेत यराबाम राजा झाला. त्याच्या मनातली भीती २६ व्या वचनापासून उघड लिहिली आहे: लोक यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिले तर त्यांचं मन तिथल्या राजाकडे, रहबामाकडे वळेल आणि आपला जीव जाईल. लोकांना मात्र तो म्हणतो, यरुशलेमपर्यंत जाणं तुम्हाला फार झालं. म्हणजे काळजी स्वतःच्या गादीची आणि भाषा लोकांच्या त्रासाची. सोन्याची दोन वासरं होतात, एक बेथेलला आणि एक दानला. ज्याने इस्राएलाला मिसर देशातून आणलं तोच हा देव, असं तो सांगतो. निर्गम ३२ शेजारी उघडून ठेवा, जवळजवळ तेच शब्द सापडतील. सणाची तारीखही ताडून बघा. लेवीय २३ मध्ये मांडवांचा सण सातव्या महिन्याच्या १५ व्या दिवशी आहे, यराबाम तो आठव्या महिन्याच्या १५ व्या दिवशी करतो. दिवस तोच, महिना पुढचा. दूरून पाहणाऱ्याला फरक कळलाही नसता.

आता पेन्सिल घ्या. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमकडच्या दक्षिण राज्याच्या, सहा राजांबद्दल पुस्तक चांगलं बोलतं आणि तिथेच उच्च स्थानं (मंदिराबाहेरची यज्ञाची ठिकाणं) काढली नाहीत असंही सांगतं: आसा, यहोशाफाट, योवाश, अमस्या, अजऱ्या, योथाम. हिब्रूत यांतल्या बहुतेक ठिकाणी 'रक' हा छोटासा शब्द येतो. मराठीत तो 'तरी', 'मात्र', 'तथापि' असा कसाही येतो, म्हणून शब्दापेक्षा 'उच्च स्थाने' हीच खूण धरा आणि तिथे समासात मोठा 'पण' लिहा. शलमोनाचा 'पण' १ राजे ३:३ मध्येच आहे, त्याने बुद्धी मागण्याच्याही आधी. उच्च स्थान मुळात वाईटच होतं असं धरू नका. १ शमुवेल ९ मध्ये शमुवेल स्वतः तिथल्या यज्ञाला जातो.

पितळी सापाचंही तसंच झालं. गणना २१ मध्ये तो देवाच्या सांगण्यावरून घडवला गेला. २ राजे १८:४ मध्ये लोक त्याला धूप जाळताना दिसतात, आणि यहूदाचा राजा हिज्कीया मोशेच्या हातची ती वस्तू फोडून टाकतो. बैर-शेबाच्या उत्खननात १९७३ साली कोठाराच्या भिंतीत वापरलेले, मोडलेल्या वेदीचे दगड सापडले. एका दगडावर साप कोरलेला आहे. ती वेदी हिज्कीयाच्या काळात मोडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात.

हिज्कीयाचा बाप आहाज राजा, त्याच्यासाठी वेगळी बैठक ठेवा. २ राजे १६:१० पासून वाचा आणि मंदिराच्या अंगणाचा नकाशा काढा. आहाज अश्शूरच्या राजाला भेटायला दिमिष्कला (दमास्कसला) जातो, तिथली वेदी त्याला आवडते, तो तिचा नमुना उरीया याजकाकडे पाठवतो. राजा परतण्याआधी वेदी तयार! जुनी पितळी वेदी सरकवून उत्तरेला ठेवली जाते. सकाळ-संध्याकाळचे यज्ञ तेच चालू राहतात, याजकही तोच. पितळी वेदी मला देवाला प्रश्न विचारण्यासाठी राहू द्या, असं राजा म्हणतो. आमच्या गटात मी टेबलावर दोन पेट्या ठेवून हे करून दाखवते. पेटी हातभर सरकवली की खोली गप्प होते.

एक कळकळीची विनंती. हे अध्याय दुसऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवायला उघडू नका. संदेष्ट्यांचं बोलणं मुख्यतः देवाशी कराराने बांधलेल्या आपल्याच लोकांशी आहे, म्हणूनच होशेय हा संदेष्टा ते मोडलेल्या संसाराच्या भाषेत मांडतो.

शेवटी २ राजे २३ घ्या. यहूदाच्या योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मूर्तिपूजेचं काय काय काढलं त्याची यादी करा आणि प्रत्येक वस्तूसमोर ती बसवणाऱ्याचं नाव लिहा: आहाज, मनश्शे, बेथेलची वेदी यराबामची. १३ व्या वचनापाशी थांबा. यरुशलेमसमोरच्या डोंगरावर अष्टोरेथ, कमोश आणि मिलकोम या परक्या देवतांसाठी बांधलेली उच्च स्थानं शलमोनाची आहेत. म्हणजे सुमारे ३०० वर्षं ती तिथेच होती. मंदिरातून बाहेर पडून पूर्वेकडे किद्रोनच्या दरीपलीकडे पाहिलं की समोर तोच डोंगर. त्या ओळीसमोर, मधल्या काळात त्या अंगणात उभ्या राहिलेल्या चांगल्या राजांची नावं लिहा. आसा, यहोशाफाट, योवाश, अमस्या, अजऱ्या, योथाम. हिज्कीयासुद्धा.