बार्सिलोनात सोशल हॉस्टेलला उतरताय? या चुका टाळा

पहिली चूक बुकिंग करतानाच होते आणि ती एका अक्षराची असते. रोमन लिपीत ‘हॉस्टेल’मधल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ आला की तो स्पॅनिश शब्द होतो, ‘ओस्ताल’. ओस्ताल म्हणजे छोटं, बहुधा घरगुती लॉज. स्वतंत्र खोली, दाराची किल्ली तुमच्या हातात, चादर-टॉवेल तयार. राहायला छानच, पण संध्याकाळी गप्पा मारायला कुणी नाही. आपल्या मनात असतं ते वेगळं: बंकबेडची सहा-आठ जणांची खोली, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, गच्ची, रात्री एकत्र जेवण. त्याला स्पॅनिशमध्ये ‘अल्बेर्गे’ म्हणतात, आणि बार्सिलोनात अशा ठिकाणांच्या पाटीवर बऱ्याचदा सरळ इंग्रजी ‘हॉस्टेल’ असतं. किंमत बघून घाईने बटण दाबण्याआधी खोलीचे फोटो आणि ‘डॉर्म’ (म्हणजे अशी सामायिक खोली) हा शब्द तपासा.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत वयाची अट असते, तीही वाचा. अनेक हॉस्टेलं १८ वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये घेत नाहीत, काहींना वरचीही मर्यादा असते. आणि व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, राहण्याची सोय कागदावर दाखवावी लागते, पण व्हिसा उशिरा आला किंवा नाकारला गेला तर परतावा न देणाऱ्या बुकिंगचे पैसे बुडतात.

मी बार्सिलोनात दोन खेपांत मिळून अकरा रात्री हॉस्टेलमध्ये राहिले. पहिल्या खेपेला बरंच चुकलं, दुसऱ्या खेपेला मनासारखं झालं. पहिल्यांदा मी स्वस्तातलं हॉटेल समजून गेले होते. हॉस्टेलमध्ये खर्च कमी येतो, कारण खोली, हवा, झोप, ओटा, फ्रिज सगळं वाटून घ्यायचं असतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हे लक्षात न आल्यामुळेच होतात.

कोणत्या भागात उतरायचं

गॉथिक क्वार्टर आणि एल रावालच्या गल्ल्या फोटोत फार सुंदर दिसतात. पण दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती, त्यामुळे खाली रस्त्यात कुणी हसलं तरी चौथ्या मजल्यावर ऐकू येतं, आणि तिथली रात्र दोन-अडीचला संपत नाही. बार्सेलोनेता समुद्राला लागून आहे. अठराव्या शतकात वसवलेली ही खलाशी आणि मच्छीमारांची वस्ती, घरं एवढीएवढीशी, खिडक्या समोरासमोर. झोप महत्त्वाची असेल तर एशाम्प्ला बघा. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९च्या आराखड्यातून आखलेला हा भाग रुंद रस्त्यांचा आणि कोपरे कापलेल्या चौकांचा आहे. मला स्वतःला ग्रासिया सगळ्यात आवडलं. १८९७पर्यंत ते वेगळं गाव होतं आणि आजही गावासारखंच वाटतं. संध्याकाळी चौकात म्हाताऱ्या बायका बाकावर, मुलं चेंडू खेळतायत. समुद्र मात्र तिथून मेट्रोने गाठावा लागतो.

कुठेही उतरलात तरी रात्री खिडक्यांखाली उभं राहून मोठ्याने बोलू नका. पर्यटकांमुळे घरभाडी वाढली आणि शेजार तुटले, हा तिथल्या लोकांचा राग खरा आहे. जुलै २०२४मधल्या मोर्चात पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या त्या या रागातूनच. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८नंतर चालू न ठेवण्याचं तिथल्या पालिकेनं जाहीर केलं आहे. आपण त्यांच्या गल्लीत पाहुणे आहोत, तेव्हा हॉस्टेलच्या दारावर ‘शांतता पाळा’ अशी पाटी असेल तर ती मनावर घ्या.

पोचतानाचे घोटाळे

स्वस्त विमान ‘बार्सिलोना’ म्हणून विकलं जातं आणि उतरतं जिरोनाला किंवा रेउसला. जिरोनाचा विमानतळ बार्सिलोनापासून जवळपास ९० किलोमीटर दूर आहे. तिकिटावरचं विमानतळाचं नाव वाचा.

मुख्य विमानतळावरून शहरात यायला दहा फेऱ्यांचं ‘टी-कॅज्युअल’ तिकीट उपयोगी पडतं, पण सगळीकडे नाही. टर्मिनल २पासून सुटणाऱ्या आर२ नॉर्द या लोकलला ते चालतं. मेट्रोच्या विमानतळ स्थानकांवर चालत नाही, तिथे वेगळं तिकीट लागतं. हे तिकीट एका माणसाचं आहे; दोघांनी मिळून एक वापरायचं नाही. रविवार ते गुरुवार मेट्रो मध्यरात्रीच बंद होते, शुक्रवारी दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते. उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन रात्रभर उघडं असतं का, हे आधीच मेसेज करून विचारून घ्या.

रिसेप्शनवर पासपोर्ट मागतात तेव्हा कटकट करू नका. पाहुण्यांची नोंद ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे आणि डिसेंबर २०२४पासून ती अधिक तपशिलात घेतली जाते. फोनमधला फोटो पुरत नाही. पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, दर माणशी दर रात्री, पहिल्या सात रात्रींपर्यंत. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नाही. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. कार्ड लावताना यंत्रावर ‘रुपये की युरो’ असं आलं तर युरोच निवडा, नाहीतर विनिमयाचा दर तुमच्या नुकसानीचा लागतो.

खोलीत

कुलूप आपलं आपण न्यायचं. जाड दांड्याचं घरचं कुलूप लॉकरच्या कडीत शिरत नाही. बारीक दांड्याचं, आकड्यांचं घ्या. टॉवेलचे बहुधा वेगळे पैसे पडतात. सामायिक न्हाणीघरासाठी रबरी चप्पल हवीच. संडासात जेट स्प्रे नसतो, रिकामी बाटली जवळ ठेवली की भागतं. भारतीय तीन पिनांचा प्लग बसत नाही, फोनच्या चार्जरचा दोन गोल पिनांचा प्लग बसतो.

गादीवर सामान टाकण्याआधी गादीच्या कडांची शिवण मोबाइलच्या उजेडात बघा. काळपट ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असतात. सामान न उघडता तसंच खाली जाऊन खोली बदलून मागा. लाजू नका. एकदा ढेकूण बॅगेत शिरले की ते तुमच्याबरोबर घरी येतात.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र आवाजावरून होतात. पहिल्या खेपेला माझं पहाटे सहाचं विमान होतं आणि मी तीन वाजता खोलीत बॅग भरायला घेतली. प्रत्येक कपडा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. अंधारात ती एकेक पिशवी चुरचुरायला लागली. मी जितकं हळू करत होते तितका आवाज लांबत होता. वरच्या बंकवरच्या मुलीने शेवटी उठून दिवा लावला आणि म्हणाली, ‘आता पटकन आवर.’ तेव्हापासून सकाळचे कपडे, ब्रश आणि कागद मी रात्री नऊलाच कापडी पिशवीत काढून ठेवते आणि बॅग बाहेरच्या बैठकीत नेऊन भरते. पहिल्याच गजराला उठा, दर पाच मिनिटांनी तो वाजू देऊ नका. व्हिडिओ कॉल खोलीत नको. घरच्यांना गच्चीतून फोन करा. आपला ‘पोचलीस का, जेवलीस का’चा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

कुणी घोरत असेल तर कानात बोळे, दुसरा इलाज नाही. एसीवरून वाद झाला तर स्वतः रिमोट हिसकून घेऊ नका, रिसेप्शनला सांगा. तुमच्या बंकवर दुसराच कुणी झोपलेला आढळला तर तेही रिसेप्शनचंच काम.

स्वयंपाकघर, आणि मी दिलेली फोडणी

बार्सिलोनात बाहेर जेवणं महाग पडतं, म्हणून हॉस्टेलचं स्वयंपाकघर म्हणजे मोठा आधार. पण इथे आपल्या लोकांचं हमखास चुकतं, माझंही चुकलं. घरून पोहे नेले होते. तेल कडकडीत तापवलं, मोहरी टाकली, हिंग, आणि वर तीन हिरव्या मिरच्या चिरून. खोलीएवढं स्वयंपाकघर, खिडकी बंद. अर्ध्या मिनिटात टेबलावरचे पाच जण खोकायला लागले, एक मुलगी डोळे पुसत बाहेर गेली, आणि छतावरचा धुराचा अलार्म सुरू झाला. माझ्या घरी ज्या वासाने भूक लागते तो इथे दुसऱ्याच्या घशात जातोय, हे मला सुचायला हवं होतं. मी सगळ्यांची माफी मागितली, खिडकी उघडली, भांडी घासून ठेवली. आता आधी पंखा लावते, तेल मध्यम ठेवते आणि मिरची कांदा पडल्यावर घालते. चव थोडी मवाळ होते, पण कुणाला त्रास होत नाही. उरलेले पोहे त्या दिवशी मी मधोमध ठेवले. डोळे पुसत गेलेली मुलगीच दोनदा वाढून घेऊन गेली. अर्जेंटिनाची होती. पुढचे तीन दिवस आम्ही बरोबर फिरलो.

काय न्यायचं, काय नाही, हेही सांगते. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. पोहे, मेतकूट, लाडक्या मसाल्याची पुडी, तेलातली चटणी चालते. तिथे कमी पडलंच तर एल रावालमध्ये पाकिस्तानी आणि भारतीय लोकांची दुकानं आहेत. डाळ, पीठ, मिरच्या मिळतात आणि हिंदी-उर्दूत बोलता येतं. सुपरमार्केटं रविवारी बहुतेक बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारी करून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीवर नाव आणि जाण्याची तारीख लिहा. नाव नसलेली पिशवी फेकली जाते.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, एवढं सांगून भागत नाही. ‘कार्ने’ म्हटल्यावर हॅम आणि मासे डोळ्यांसमोर येतातच असं नाही. साध्या दिसणाऱ्या मिश्र सॅलडमध्ये टूना मासा निघतो, बटाट्याच्या रशियन सॅलडमध्येही. ‘नि खामोन, नि आतुन’ हे शब्द पाठ करा: हॅम नको, टूना नको. ‘पा आम्ब तोमाकेत’, म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, निर्धास्त मागवा. अंडं खात असाल तर बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेटही.

कुणी बोलतच नाही, असं वाटतं तेव्हा

हॉस्टेल सोशल आहे म्हणून कुणी येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवत नाही. पहिल्या खेपेला मी संध्याकाळी सात वाजता जेवून बंकवर पडदा ओढून बसायचे आणि मनात म्हणायचे, इथली माणसं कोरडी आहेत. खरं तर तिथे रात्रीचं जेवणच नवाच्या पुढे सुरू होतं. मी पडदा ओढायचे तेव्हा खाली टेबल लागायचं. सात वाजता चार फुटाणे खा, पण नवाला खाली जा. हॉस्टेलचं सामुदायिक जेवण असेल तर सकाळीच फळ्यावर नाव लिहा. जेवणाआधी कांदा चिरायला बसलात तर ओळख आपोआप होते; काम हातात असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

दुसरी मोठी चूक आपण घोळक्याने गेलो की होते. चार मराठी माणसं एका टेबलावर बसली की सगळं बोलणं मराठीत, आणि पाचवा माणूस खुर्ची ओढायला धजत नाही. आपापसांत मराठी बोलायला काहीच हरकत नाही, पण टेबलावर कुणी परका असेल तर मधूनमधून त्याला समजेल असं बोला. एक खुर्ची रिकामी ठेवा.

आणि भिडेला बळी पडू नका. दारू घेत नसाल तर ‘नाही, थँक्यू’ म्हणा, कारण सांगत बसू नका. दुसऱ्यांदा विचारलं तर हातात सोड्याचा ग्लास ठेवा. पब क्रॉलला, म्हणजे घोळक्याने एकामागून एक पब हिंडायला, जायलाच हवं असं नाही. गेलात तर लक्षात ठेवा की तिथले क्लब रात्री एकनंतर भरतात आणि पहाटेपर्यंत चालतात. परतीचा रस्ता आणि बरोबर कोण परतणार, हे निघण्याआधी ठरवा. एकट्या मुलींनी हे जरूर करावं. मी तेच करते आणि त्यामुळे निश्चिंत हिंडता येतं. ‘फ्री वॉकिंग टूर’ फुकट नसते. शेवटी वाटाड्याला पैसे द्यायचे असतात, त्यावरच त्याचं पोट चालतं.

खिसेकापू, किनारा, आणि निघायचा दिवस

ला रांब्ला हा गर्दीचा रस्ता, तिथून जाणारी एल३ मेट्रो, सांत्स स्थानक आणि बार्सेलोनेताचा किनारा, इथे फोन मागच्या खिशात ठेवू नका आणि बॅग पाठीवरून पोटावर घ्या. समुद्रात सगळ्यांनी एकदम जायचं नाही. खोलीतल्या दोघांना बरोबर घ्या आणि पाळीपाळीने सामान राखा. पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवा, प्रत खिशात. चोरी झालीच तर आधी कार्ड बंद करा, मग कातालोनियाच्या पोलिसांकडे, म्हणजे मोसोस द’एस्क्वाद्राकडे, लेखी तक्रार नोंदवून प्रत घ्या. विम्याला आणि नव्या प्रवास-कागदांसाठी भारतीय दूतावासाला ती लागते. तातडीचा क्रमांक ११२. किनाऱ्यावर सिगारेट ओढायला २०२२पासून बंदी आहे, आणि पोहण्याच्या कपड्यांत शहराच्या रस्त्यांवर फिरलात तर दंड होऊ शकतो.

खोली सोडायची वेळ सकाळी दहा-अकराची असते, पण बॅग सामानाच्या खोलीत ठेवून दिवसभर फिरता येतं. निघताना चादर काढून सांगितलेल्या टोपलीत टाका. उरलेला शिधा फेकू नका. बहुतेक स्वयंपाकघरांत ‘कुणीही घ्या’ अशी फळी असते. मी शेवटच्या सकाळी तिथे हळदीची बाटली आणि अर्धा किलो पोहे ठेवले, पिशवीवर मार्करने इंग्रजीत कृती लिहिली, आणि मिरची शेवटी घाला या ओळीखाली दोन रेघा मारल्या.