स्प्लंकमध्ये लॉग गाळताना मी खाल्लेली माती

हिंजवडीत पहिल्या नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. लीडनं काम दिलं: सिस्को एएसए फायरवॉलच्या लॉगमधले फक्त 'डिनाय'चे (अडवलेल्या कनेक्शनचे), म्हणजे १०६०२३ क्रमांकाचे मेसेज स्प्लंकला, म्हणजे लॉग साठवून शोधायच्या सॉफ्टवेअरला, जाऊ दे, बाकीचे टाकून दे. टीसीपी कनेक्शन उघडलं की ३०२०१३, बंद झालं की ३०२०१४, असा ओळींचा नुसता पाऊस पडायचा आणि आमचं लायसन्स दिवसाला किती जीबी आत घेतले यावर होतं. नलक्यूमध्ये, म्हणजे स्प्लंकच्या कचरापेटीत, टाकलेला डेटा त्यात धरत नाहीत.

आधी गाळायचे नियम लिहिलेल्या प्रॉप्स आणि ट्रान्सफॉर्म्स या दोन्ही फाइली मी युनिव्हर्सल फॉरवर्डरवर, म्हणजे लॉग पुढे पाठवणाऱ्या हलक्या प्रोग्रामवर, ठेवल्या. ढिम्म फरक नाही. अर्धा दिवस रेजेक्सला (मजकूर जुळवायच्या सूत्राला) शिव्या घातल्या. पण हा फॉरवर्डर असल्या लॉगमधली एकेक नोंद वेगळी करून वाचतच नाही, आला डेटा पुढे ढकलतो. (विंडोज इव्हेंट लॉगला इनपुटमध्येच ब्लॅकलिस्ट लावता येते, ते वेगळं.) हे गाळण्याचं काम नोंदी वाचून पुढे पाठवणाऱ्या हेवी फॉरवर्डरचं. आणि एकदा त्यानं पार्स केलं, म्हणजे नोंदी वेगळ्या करून वाचल्या, की पुढे इंडेक्सरवर (डेटा साठवणाऱ्या सर्व्हरवर) तेच नियम लिहून उपयोग नसतो.

मग हेवी फॉरवर्डरवर दोन नियम लिहिले. एक, रेजेक्समध्ये नुसतं टिंब (म्हणजे कुठलंही अक्षर): सगळं नलक्यूत. दुसरा, १०६०२३ दिसलं की इंडेक्सक्यूत, म्हणजे साठवणीच्या रांगेत. रीस्टार्ट मारला, घरी गेलो.

सकाळी सिक्युरिटीच्या मॅडमचा फोन. "अरे, रात्रीपासून एकही डिनाय नाही. जगातले हल्ले थांबले का?"

प्रॉप्समधल्या ओळीत मी 'ठेवा' आधी आणि 'टाका' नंतर लिहिलं होतं. नियम डावीकडून उजवीकडे चालतात, नोंद कुठल्या रांगेत जाणार ते दोन्ही एकाच जागी लिहितात, त्यामुळे शेवटी जुळलेला जिंकतो. टिंबाला तर सगळंच जुळतं. स्प्लंकनं एररही दिली नाही. का देईल, मी सांगितलं तेच तर त्यानं केलं होतं.

नलक्यूत गेलेलं परत येत नाही. नशीब, आरसिसलॉगच्या (लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हरवर रात्रीच्या फाइली अजून शिल्लक होत्या. क्रम बदलला, बीटूल (कुठली सेटिंग कुठल्या फाइलमधून येते ते दाखवणारी कमांड) डीबगसकट चालवून तीच ओळ लागू होणार याची खात्री केली आणि त्या फाइली वनशॉटनं (फाइल एकदाच आत घ्यायच्या कमांडनं) पुन्हा चढवल्या. रात्रीचे डिनाय दिसेपर्यंत चहा गार झाला होता.

आता नवा नियम लिहिला की पहिला दिवसभर नलक्यूऐवजी वेगळ्या इंडेक्समध्ये (साठवणीच्या कप्प्यात) पाठवतो. काय टाकलं जाणार आहे ते उघडून बघतो, मगच नलक्यू. त्या दिवशी लायसन्स थोडं जास्त खर्ची पडतं. पडू दे.