म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प: चित्रणाचा विचार कॅमेऱ्याआधी कसा करावा

मास मीडियाच्या विद्यार्थ्यांना म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प दिला की ठाणे-नवी मुंबईतले बहुतेक गट एकाच वाटेने जातात. गाणे ठरते, तलावपाळीवर किंवा एखाद्या खाडीकाठी दोन संध्याकाळी शूट होते, घाईघाईने एडिट होते आणि अहवाल जमा करण्याच्या आदल्या रात्री माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल व चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांची नावे शेवटच्या दोन पानांत बसवली जातात. तोवर सिद्धान्ताला करण्यासारखे काही उरलेले नसते, कारण चौकटीत कोण उभे राहणार, कॅमेरा त्यांच्याकडे कोठून पाहणार आणि बोलण्याची संधी कोणाला मिळणार, हे सारे नकळत ठरून गेलेले असते. म्हणून पुढील पायऱ्यांत सिद्धान्त शूटच्या आधी ठेवला आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘रिप्रेझेंटेशन’साठी आपण ‘प्रतिनिधित्व’ म्हणतो, पण तो शब्द ऐकताच मराठी माणसाला निवडणूक आठवते. येथे मी ‘चित्रण’ हा शब्द वापरतो. हॉल यांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथातील मुख्य म्हणणे असे, की माध्यमे जगाचा अर्थ आरशासारखा जसाच्या तसा परत देत नाहीत. भाषा, प्रतिमा आणि चिन्हे यांच्या निवडीतून तो अर्थ घडवला जातो. निवड तुमची असेल, तर तिची जबाबदारीही तुमचीच, हे पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवावे.

पहिली पायरी: गाणे

शक्यतो वर्गातल्याच कोणाचे, स्वतः लिहिलेले आणि गायलेले गाणे घ्यावे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एकाच गाण्यातील शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात, त्यामुळे गायक ओळखीचा आहे एवढ्यावर भागत नाही. मित्राचे गाणे असले तरी परवानगी लेखी घ्यावी.

दुसरी पायरी: गाण्याचा नकाशा

गाणे किमान दहा वेळा, डोळे मिटून ऐकावे. मग कागदावर तीन रकाने आखावेत: वेळ, शब्द आणि वाद्य. ध्रुवपद कोठे परतते, ढोलकी कोठे थांबते, श्वास कोठे ऐकू येतो, हे सेकंदांसह नोंदवावे. चौथा रकाना रिकामा ठेवावा आणि तो म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ सालच्या मांडणीच्या आधारे भरावा. दृश्याचे गाण्याशी असलेले नाते त्यांनी तीन प्रकारचे सांगितले आहे: दृश्य शब्दांचेच चित्र काढते, शब्दांत नसलेले काही त्यांत भर घालते, किंवा शब्दांपासून फारकत घेते. ध्रुवपदात होडी आली म्हणून पडद्यावर होडी दाखवणे हा पहिला प्रकार झाला. प्रत्येक ओळीला तेच केले तर व्हिडिओ बालवाडीच्या तक्त्यासारखा दिसतो. माझ्या मते तीन मिनिटांच्या गाण्यात असे शब्दशः चित्र दोन-तीनदाच यावे.

तिसरी पायरी: साचा ओळखणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला किमान एक आठवडा द्यावा. आपल्या भागात कोळीगीतावर व्हिडिओ करण्याचा मोह स्वाभाविक आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. कागदाच्या डाव्या बाजूला, विचार न करता, डोळ्यांसमोर येईल ते लिहावे: कासोट्याचे लुगडे, अंगभर सोने, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, डोक्यावर पाटी, होडीभोवती नाच. यातले खोटे काहीच नाही. नारळी पौर्णिमेला हे सारे खरोखर दिसते आणि लोक ते अभिमानाने मिरवतात. दोष असा, की वर्षातला एक दिवस उरलेल्या दिवसांच्या जागी बसतो आणि एका समाजाची ओळख चार वस्तूंपुरती उरते. हॉल यांनी ठोकळेबाज प्रतिमेचे लक्षण हेच सांगितले आहे: माणसांना मोजक्या, सहज ओळखू येणाऱ्या गुणांवर आणायचे आणि ते गुण जणू निसर्गानेच दिले आहेत असे दाखवायचे.

आता उजवी बाजू भरण्यासाठी कॅमेरा घरी ठेवून बाहेर पडावे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात सकाळी जाऊन दोन तास नुसते थांबावे, बोलावे, ऐकावे. कार्यालयात नोकरी करणारी मुलगी, मासळीचा हिशेब मोबाइलवर ठेवणारी आई, जाळे तुणताना खाडीच्या बदललेल्या पाण्याविषयी बोलणारे आजोबा हे सारे एकाच घरात भेटू शकतात. १९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, हा इतिहासही त्याच घरात राहतो. त्यामुळे उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर होडी दाखवणारा शॉट केवळ देखणा आहे म्हणून घेऊ नये. त्या दोन वस्तूंमधले नाते तुम्ही काय समजता, हे त्या शॉटमधून दिसणार आहे.

चौथी पायरी: नजर ठरवणे

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ सालच्या निबंधात अभिजात हॉलिवूड चित्रपटांविषयी असे मांडले, की तेथे पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी विभागणी असते. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकाच दिशेने वळते. विद्यार्थी हा सिद्धान्त ‘स्त्री दिसली की पुरुषी नजर’ इतका स्वस्त करून टाकतात. तसे करू नये. म्युझिक व्हिडिओत गायिका थेट कॅमेऱ्यात पाहून गाते, म्हणजे ती पाहणाऱ्याला उलट पाहते, आणि त्यामुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

नजर कशी घडते हे एका प्रसंगातून सांगतो. माझ्या वर्गातल्या एका गटाने जेट्टीवर जवळा निवडत बसलेल्या एका मावशींचे शूट केले. कॅमेरा घेणारा मुलगा उभा होता आणि मावशी गोणपाटावर बसल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक चौकटीत त्या वरून दिसल्या: डोक्यावरचा पदर आणि बोटे. बोटे सुंदर टिपली गेली होती, पारदर्शक जवळ्यातून कचरा वेगळा करणारी, कडांना पांढुरकी पडलेली. पण एडिट करताना सारे शॉट ओळीने लावून पाहिले तेव्हा हातांचे सहा शॉट होते आणि चेहऱ्याचा एकही नव्हता. शूट चालू असताना मावशींनी विचारले होते, ‘बाळा, माझं तोंड नाही का येत यात?’ तो प्रश्न ध्वनिमुद्रणात होता आणि कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता.

पुढच्या रविवारी तो गट परत गेला. त्यांनी झालेले शॉट मावशींना दाखवले, रीतसर परवानगी घेतली, ट्रायपॉड त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला आणि कोणते काम दाखवावे हे त्यांनाच विचारले. मावशींनी निवडणे नको म्हटले आणि वजन-भावाचा भाग घ्यायला सांगितला. पहिल्या शॉटमध्ये त्या कष्टाची शोभा होत्या. दुसऱ्यात गिऱ्हाइकाशी घासाघीस करणाऱ्या, भाव ठरवणाऱ्या व्यावसायिक दिसल्या. जागा तीच, माणूस तोच, कॅमेरा तीन फूट खाली आला इतकेच.

म्हणून शॉटच्या यादीत प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोण पाहते, कोणाकडे पाहते, आणि किती उंचीवरून. पुरुषांच्या शॉटलाही हेच लागू करावे. मुलगे कायम दुचाकीवर आणि मुली कायम खिडकीत असतील, तर यादीतच ते उघड होते.

पाचवी पायरी: शूट

खाडीवरचे शूट भरती-ओहोटी पाहूनच ठरवावे. ओहोटीला होड्या चिखलात कलंडलेल्या असतात आणि आधी घेतलेल्या शॉटशी काहीच जुळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात तिथी सांगितली तर वेळ तोंडपाठ सांगितली जाते. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या आणि रेल्वे स्थानकात रेल्वेच्या परवानगीशिवाय शूट करू नये.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने या आकड्यांवर ट्यूबलाइटचा लुकलुकाट टळतो. गाणे स्पीकरवर मोठ्याने लावावे आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवावी, म्हणजे एडिटमध्ये ओठ जुळवणे सोपे जाते. स्लो मोशनमध्ये गायिकेचे ओठ जुळायला हवे असतील तर ५० फ्रेमवर शूट करावे आणि त्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे. गायिकेला ते चमत्कारिक वाटते, म्हणून आदल्या दिवशी सराव करून घ्यावा.

सहावी पायरी: एडिट आणि पहिले प्रेक्षक

मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यात २५ फ्रेमच्या हिशेबाने एक ठोका १५ फ्रेमचा येतो. गाणे तीन मिनिटांचे असेल तर ठोके ३०० होतात, आणि दर चौथ्या ठोक्याला कट केला तरी ७५ शॉट लागतात. प्रत्येक ठोक्यावर कट करण्याचा हट्ट सोडावा. चेहऱ्यावर भाव उमटायला वेळ लागतो आणि तो वेळ चेहऱ्याला मिळालाच पाहिजे.

कच्चा एडिट तयार झाला की तो आवाज बंद करून दाखवावा आणि ‘ही माणसे कोण आहेत, त्यांच्याविषयी काय कळले?’ एवढेच विचारावे. हॉल यांनी १९७३ साली मांडल्याप्रमाणे प्रेक्षक अर्थ तीन भूमिकांतून लावतो: तुम्हाला अभिप्रेत असलेला मान्य करतो, काही अटींवर स्वीकारतो किंवा नाकारतो. वर्गमित्र बहुधा पहिल्या भूमिकेत असतात, म्हणून त्यांच्यावर थांबू नये. ज्यांचे चित्रण केले त्या वस्तीतल्या किमान दोघांना दाखवावे, आणि नकार आला तर तो शब्दशः उतरवून घ्यावा.

सातवी पायरी: अहवाल

‘आम्ही मल्व्ही यांचा सिद्धान्त वापरला’ या वाक्याला गुण मिळू नयेत असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी असे लिहावे: ‘१ मिनिट १२ सेकंदाला येणारा हातांचा शॉट आम्ही काढून टाकला, कारण चेहरा वगळल्याने ती व्यक्ती केवळ कामापुरती उरत होती, त्या जागी भाव ठरवण्याचा शॉट डोळ्यांच्या उंचीवरून घेतला.’ वेळ, निर्णय आणि कारण या तिन्ही गोष्टी असल्या की परीक्षकाला तुमचा विचार तपासता येतो. वगळलेल्या दोन-तीन शॉटची स्थिरचित्रे अहवालाला जोडावीत, परवानगीपत्रे मागे लावावीत, आणि व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर अंतिम प्रत पाठवल्यावरच तो महाविद्यालयात जमा करावा.