हृदयाची धमनी म्हणजे नळ नव्हे: या चुका टाळा

‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाळ साचलेला नळ येतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो. धमनीच्या भिंतीत स्नायू असतात. ती सतत आकसते, सैलावते. रक्तप्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो, म्हणून व्यास थोडासा घटला तरी प्रवाह बराच कमी होतो. त्यामुळेच काल जिने सहज चढलेल्या माणसाची छाती आज गारठ्यात चार पावलांवर भरून येते. घरच्यांना हे नाटक वाटतं. ते नाटक नसतं.

श्रम झाले की धमनी आपोआप रुंदावेल, हेही गृहीत धरू नका. निरोगी धमनीचा आतला पातळ थर, म्हणजे एंडोथेलियम, नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि स्नायू सैल पडतात. रोगट थराला ते पुरेसं जमत नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या हृदयधमन्यांत अ‍ॅसिटिलकोलिन (निरोगी एंडोथेलियमला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावणारं रसायन) सोडलं, तेव्हा निरोगी धमन्या रुंदावल्या आणि रोगट धमन्या उलट आकसल्या. व्यायाम, थंडी, मानसिक ताण यांतही असंच घडू शकतं: हृदयाला जास्त रक्त हवं असतं, नेमकी तेव्हाच वाट अरुंद होते.

‘अँजिओग्राफी नॉर्मल, म्हणजे हृदयाचं काही नाही’ हा निष्कर्षही घाईचा. त्या तपासणीत त्या वेळची धमनी दिसते; पहाटे झोपेत येऊन गेलेला स्पॅझम, म्हणजे धमनीचं अचानक आकसणं, दिसेलच असं नाही. विश्रांतीत होणारी अशी छातीदुखी अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्येच नोंदवली होती. धूम्रपान हे तिचं मोठं निमित्त. तिच्यावर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (धमनीचे स्नायू सैल करणारी औषधं) उपयोगी पडतात, तर प्रोप्रॅनोलॉलसारख्या हृदयाच्याच दुसऱ्या गोळीने त्रास वाढू शकतो. म्हणून दुसऱ्याच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत.

छाती दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी एंडोथेलियमवर विसंबत नाही. तिच्यापासून मिळणारं नायट्रिक ऑक्साइड थेट स्नायूला सैल करतं, म्हणून ती रोगट धमनीतही चालते. पण ती गिळू नका, उभ्याने घेऊ नका (रक्तदाब उतरून चक्कर येते), मूळ बाटलीतून काढून डबीत ठेवू नका. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर तिला हातही लावू नका. तिने दुखणं थांबलं म्हणजे ते हृदयाचंच होतं, असंही नाही. अन्ननलिकेचा पेटकाही तिने सुटतो. आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर दुसऱ्या गोळीच्या परिणामाची वाट पाहत बसू नका, अँब्युलन्स बोलवा.