लॉला ॲडमिशन झालीय? लॅपटॉप राहू दे, आधी लायब्ररीत जा

मी तीन वर्षांवालं एलएलबी केलं, बीए मराठी मीडियममधून. पहिल्या सेमला वाटायचं की ज्यांच्याकडे भारी लॅपटॉप तेच पुढे जाणार, मी तर पहिलं वर्ष मोबाईलवरच काढलं आणि काही अडलं नाही.

अडलं कुठे, तर मूटला, म्हणजे कॉलेजातल्या खोट्या खटल्याच्या स्पर्धेत. रात्री दोन वाजता एआयला विचारलं, त्याने झकास तीन केसेस दिल्या, नावं, साल, सायटेशन (निकाल कुठे छापलाय त्याचा संदर्भ) सगळं, मी तशाच मेमोरियलमध्ये, म्हणजे मूटच्या लेखी युक्तिवादात, टाकल्या आणि जज म्हणून आलेल्या मॅडमनी विचारलं, दुसऱ्या केसचे फॅक्ट्स सांगा. केस अस्तित्वातच नव्हती! २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खऱ्या वकिलांना याच कारणावरून ५००० डॉलर दंड झाला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून निकाल स्वतः उघडून वाचल्याशिवाय मी त्याचं नाव लिहीत नाही.

उघडायचा कुठे? इंडियन कानून ही निकालांची वेबसाईट फुकट आहे, शब्द अवतरणचिन्हात टाकून शोधा नाहीतर हजार निकाल येतात. आणि नंतरच्या कुठल्या निकालांनी त्याचा उल्लेख केलाय ते पण बघा, वरच्या कोर्टाने फिरवलेला निकाल तुम्ही छाती ठोकून सांगत असाल. सुप्रीम कोर्टाचे रिपोर्ट झालेले निकाल हेडनोटसकट (निकालाच्या सुरुवातीचा सारांश) कोर्टाच्याच ई-एससीआर साईटवर, तेही फुकट, २०२३ पासून. कायद्याचं मूळ कलम इंडिया कोड या सरकारी साईटवर. सीनियरच्या जुन्या नोट्स घेताना जपून, त्यात अजून जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) खुनाचं ३०२ आणि फसवणुकीचं ४२० असतं, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता, म्हणजे खून १०३ आणि फसवणूक ३१८.

मनुपात्रा, एससीसी ऑनलाईन या निकाल शोधायच्या पैसेवाल्या साईट महाग आहेत, स्वतःच्या पैशाने घेऊ नका. बऱ्याच कॉलेजांनी घेतलेलं असतं पण कोणी सांगत नाही. मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही लायब्ररीतल्या सरांनी सहज विचारलं म्हणून, "अगं लॉगिन नाही घेतलंस अजून?" घरून चालेल असं लॉगिन मिळतं का तेवढं विचारून घ्या.

इंटर्नशिपला तालुका कोर्टात गेलात तर ईकोर्ट्स ॲप लागतंच, सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते. आणि मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिका बाबांनो. आमच्या वकील साहेबांचे सगळे जुने अर्ज जुन्या फॉन्टमध्ये, माझ्या मोबाईलवर उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला, दोन अर्ज मी बसून परत टाईप केलेत.

लायब्ररीत जाताना दुपारी दीड ते अडीच टाळा, आमचे सर तेव्हा डबा खायला जायचे आणि किल्ली त्यांच्याच खिशात असायची.