शुगर लो झाली तर काय करायचं, आणि त्यानंतरची १५ मिनिटं कशी काढायची

डायबिटीस म्हटलं की सगळे वाढलेल्या शुगरचंच बोलतात, पण इन्शुलिन घेणाऱ्याला विचारा, त्याला धास्ती असते ती शुगर उतरण्याची. मी स्वतः बरीच वर्षं इन्शुलिनवर आहे, त्यामुळे हा अनुभव नवा नाही. ज्यांना फक्त मेटफॉर्मिन चालू आहे त्यांना हे सहसा होत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या चालू असतील तर मात्र नीट वाचा.

आधी ओळखायला शिका. मीटरवर (mg/dL मध्ये) ७० च्या खाली गेली की शुगर लो, ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, भुकेने जीव कासावीस होणं ही नेहमीची लक्षणं, पण मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागलं की माणूस विचित्र वागतो. माझं म्हणाल तर मी मोबाईलवरची तीच ओळ तिसऱ्यांदा वाचत असतो, आणि घरातलं कोणी "काही खाल्लंस का" विचारलं की उगाच अंगावर जातो. तो राग म्हणजेच लक्षण, हे कळायला मला फार वेळ लागला. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवणारच नाही असंही होतं, घाम मात्र येतो.

मग मीटरवर चेक करा. मीटर जवळ नसेल तर शोधत बसू नका, लो आहे असं धरून सरळ गोड घ्या. थोडी वाढली तर नंतर बघता येतं.

घ्यायचं किती? १५ ग्रॅम, आणि लगेच रक्तात उतरणारं. म्हणजे साखर साधारण ३ चहाचे चमचे पाण्यात ढवळून, किंवा अर्धा कप फळांचा रस, किंवा तेवढंच साधं कोल्ड्रिंक (डायट नको, त्यात साखरच नसते), किंवा ग्लुकोजच्या ३-४ गोळ्या. चॉकलेट आणि आईस्क्रीम बघून मोह होतो पण त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, ते आत्ता नाही. आणि अॅकार्बोज किंवा वोग्लिबोज घेत असाल तर साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही कारण ती गोळी साखर फुटूच देत नाही, तुम्हाला ग्लुकोजच लागेल.

एक सांगतो, ग्लुकोजच्या डबीचं सील घरी आणल्या आणल्याच फोडून ठेवा. थरथरत्या हातांनी ती चकती नखाने उचकटणं, तेही घामेजल्या बोटांनी, मी केलंय, शेवटी दाताने फोडली. पावडर वापरत असाल तर एकदा काट्यावर १५-१५ ग्रॅम मोजून छोट्या पुड्या करा, एक बॅगेत, एक उशाशी, एक गाडीत.

आता खरी कसोटी. १५ मिनिटं थांबायचं, आणि काही खायचं नाही. शरीर ओरडत असतं की अजून दे अजून दे, आणि मी एकदा मध्यरात्री फ्रिज उघडा टाकून उभ्या उभ्या हाताला येईल ते खाल्लं, सकाळी मीटरवर ३०० च्या वर. म्हणून आता फोनवर टायमर लावतो आणि किचनमधून बाहेर येऊन बसतो. १५ मिनिटांनी परत चेक, पण आधी हात धुवा, बोटाला साखर किंवा रस लागलेला असेल तर मीटर खोटा जास्त आकडा दाखवतो. अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तरी तो काही मिनिटं मागे असतो, लो च्या वेळी बोट टोचून मीटरवर आलेल्या आकड्यावरच विश्वास ठेवा. अजून ७० च्या खाली? परत १५ ग्रॅम, परत १५ मिनिटं.

शुगर वर आली आणि जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर थोडं पोटभरीचं खा, नाहीतर परत उतरते. डायबिटीसच्या गोळ्यांमुळे लो झालेली शुगर पुन्हापुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांशी बोलाच.

हे पुढचं घरच्यांना वाचून दाखवा. माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, रस नाही, मध नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर द्या, लगेच अॅम्ब्युलन्स बोलवा. इन्शुलिन अजिबात टोचायचं नाही, घाबरून लोक तेही करतात.

गाडी चालवताना झालं तर आधी बाजूला घेऊन थांबा, आणि आकडा नॉर्मल आल्यावरही पाऊण तास स्टिअरिंग हातात घेऊ नका, डोकं उशिरा जागेवर येतं.

शेवटी दोन ओळी लिहून ठेवा, किती वाजता, किती आकडा, आधी काय झालं होतं. जेवण लांबलं, व्यायाम जास्त झाला (त्याचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतो), रिकाम्या पोटी दारू घेतली, की डोस दोनदा घेतला. रात्री कपडे घामाने भिजून जाग येत असेल किंवा सकाळी डोकं जड असेल तर तेही लिहा. आठवड्यात दोनदा लो आली तर हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नका.